भाचा बेंगळुरूला, इग्वाना आमच्या गच्चीवर! परदेशी प्राणी घरी पाळणं, जोड्या लावणं, काय मत?

वडगावकर (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे प्राणी-पक्षीवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगला असताना २०२२ साली कुठल्याशा दुकानातून हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी सरडा, घेऊन आला. तेव्हा तळहातावर मावायचा. आता नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार फूट भरतो. भाच्याला बेंगळुरूत नोकरी लागली, तिथल्या पीजीत मांजरसुद्धा चालत नाही. त्यामुळे जूनपासून तो पाहुणा आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गच्चीवर. सहा फुटांचा पिंजरा उद्यमबागेत एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. तो विचारत होता, कोंबड्या किती ठेवणार?

आई पहिल्या दिवशी "अगं बाई, घोरपड!" म्हणून जी खाली गेली ती आठवडाभर गच्चीवर कपडे वाळत घालायला आली नाही. आता तीच सकाळी जास्वंद खुडते, देवाला चार आणि त्याला दोन. भाच्यानं नाव रेक्स ठेवलंय. आई राकेश म्हणते. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, मेथी, सगळं व्यवस्थित चालू आहे.

आता अडचण. एक, गल्लीतल्या एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "तेल काढणार असाल तर सांगा, गुडघ्याला बरं असतं." तेव्हापासून गच्चीच्या दाराला कुलूप. दोन, एक पोरगा मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, मादी मी आणून देतो, अंडी-पिल्लं तुम्ही सांभाळा, पिल्लू मोठं झालं की जागेवर पैसे मोजून मीच उचलतो. तीन, ऑफिसमधला एकजण म्हणाला की याची नोंदणी लागते, नाहीतर फॉरेस्टवाले उचलतील. भाच्याकडे कागद एकच, दुकानाची पावती. त्यावर "१ नग हिरवा" एवढंच लिहिलंय.

काय करावं? जोडी लावावी? कुणाला द्यावा? की गप्प बसावं?

पोपटवाला_अनगोळ
वडगावकर, आधी घाबरू नका. चार अर्धवट माहितीचे लोक भीती घालतात.

मी अकरा वर्षं पक्षी करतो. बजरी, कॉकाटील, लव्हबर्ड मिळून चाळीसेक जोड्या आहेत. माझ्याकडचे पक्षी पाच-पाच पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. त्यांनी जंगल बघितलेलंच नाही, तर "त्याला जंगलात सोडा" म्हणणाऱ्यांनी सोडून दाखवावं. संध्याकाळपर्यंत घारीच्या पोटात. चांगला ब्रीडर असला की जंगलातून पकडून आणायची गरजच उरत नाही, हे कुणी बोलत नाही. आणि खरं सांगा, कॉलनीतल्या किती घरांत साधा पोपट टांगलाय? त्याला कुणी काही म्हणत नाही. माझ्याकडे कुणी आलं की लगेच "परवानगी आहे काय?"

तुमचा इग्वाना हौसेनं ठेवा. जोडी मात्र नीट माहिती काढून लावा.

रानवाट_खानापूर
पोपटवाले भाऊ, घरातला तो साधा पोपट ठेवणंच तर गुन्हा आहे! कुणी म्हणत नाही म्हणून तो कायदेशीर होत नाही.

आणि वडगावकर, माझं मत तिखट लागेल. साडेचार फुटांचा, झाडावर राहणारा, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओल्या उष्ण जंगलातला प्राणी बेळगावच्या गच्चीवर सहा फुटांच्या पिंजऱ्यात ठेवायचा आणि त्याला "व्यवस्थित चालू आहे" म्हणायचं? डिसेंबरात आपल्याकडे रात्री हातमोजे लागतात. त्याला विचारा.

वकीलकाका_टिळकवाडी
कायद्याचं तेवढं सांगतो, बाकी भांडण तुमचं चालू द्या.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मूळ कायदा आपल्या देशी प्राण्यांपुरता होता, त्यामुळे परदेशी प्राणी एकदा का देशात आला की पुढे विचारणारं कुणी नव्हतं. जून २०२० मध्ये केंद्रानं योजना काढली. सहा महिन्यांत आपण होऊन जाहीर करा, कागद मागणार नाही. हजारो लोकांनी जाहीर केलं. मग २०२२ ची दुरुस्ती आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात चौथी अनुसूची आहे, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी. यातला जिवंत प्राणी ठेवणं, देणं-घेणं, त्याचा जन्म, मृत्यू, सगळ्याची नोंद कलम ४९-एम खाली. नियम २८ फेब्रुवारी २०२४ चे, अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर, मुदत सहा महिने. म्हणजे ऑगस्ट २०२४ अखेरीस संपली.

हिरवा इग्वाना साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भाच्यानं २०२२ ला घेतला म्हणजे २०२० ची गाडी चुकली, २०२४ ची पण चुकली. आणि भाच्याकडून तुमच्याकडे आला हेही हस्तांतरणच. पावतीवरचा "१ नग हिरवा" कोर्टात भोपळ्यालाही चालेल.

माझा सल्ला: भाच्याच्या सहीनं सगळी हकिकत लिहून उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या, प्रत अरण्यभवनाला, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे. लपवलेलं सापडणं आणि आपण होऊन सांगणं यात फरक असतो. जोडी लावायचा विचार डोक्यातून काढा. आणि साधा पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहे, रानवाट बरोबर बोलतात. गंमत अशी की हजारो रुपयांचा मकाव नोंदणी करून ठेवता येतो, आंब्यावरचा राघू नाही.

निपाणीकर_तंबाखूवाले
फॉर्म कानडीत की इंग्रजीत काका? आमच्याकडं उताऱ्यावर बापाचं नाव दुरुस्त करायला दोन वर्षं गेली. सरड्याचं नाव लागायला किती लागतील 😀

वकीलकाका_टिळकवाडी
पोर्टल इंग्रजी आहे. सुटलात.

खादाड_खवय्या
राकेश!!! आईंना साष्टांग नमस्कार. फोटो टाका की.

गुरांची_डॉक्टर
वडगावकर दादा, पहिला प्रश्न: पिंजऱ्यावर ऊन थेट पडतं की वर फायबरचा पत्रा आहे? काच किंवा फायबरमधून येणारं ऊन त्याच्या उपयोगाचं नाही. त्यातला अतिनील भाग अडतो, आणि त्याच्याशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ड नाही तर खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागत नाही.

मी पशुवैद्य आहे. आमचं सगळं शिक्षण म्हशी, शेळ्या, बैल, फार तर कुत्री. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र बुटांच्या खोक्यातून काय काय यायला लागलंय. मागे एक कॉलेजचा मुलगा इग्वाना घेऊन आला. "खात नाही मॅडम." जबडा बोटानं हलकेच दाबला तर भिजवलेल्या शेंगेसारखा वाकला. मागच्या पायाच्या मांड्या टुमटुमीत, त्याला वाटत होतं तब्येत सुधारली. ती सूज होती. हाड पोखरलं की शरीर भोवती भराव घालतं. तो त्याला वर्षभर काकडी आणि कोबी घालत होता, खोलीत, ट्यूबलाइटखाली. मी कॅल्शियम दिलं, ऊन सांगितलं. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाला, गेला मॅडम, आता शुगर ग्लायडर घेतलाय, ते उडत्या खारीसारखं दिसणारं.

तो ग्लायडरही मग आला. मागचे पाय फरफटत. कारण तेच. रात्री जागणारा, कळपानं राहणारा प्राणी शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचा आणि दूध-बिस्किट घालायचं.

मला कायद्यापेक्षा याचा राग येतो. विकणारा प्राणी देतो, पण बल्ब, ऊन, पाला याची एक चिठ्ठीसुद्धा देत नाही. ट्रॅक्टर घेतला तरी पुस्तिका मिळते.

आणि हात धुवा सगळ्यांनी, साबणानं, विशेषतः आईंना सांगा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला येतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे ती याचसाठी, लहान मुलं तोंडात घालायची.

वडगावकर
मॅडम, वर फायबरच आहे!! पावसासाठी टाकला होता. उद्याच काढतो. आणि परवा सकाळी तो निपचित पडलेला होता, आईनं गोधडी टाकली. दहाच्या उन्हात हलायला लागला. मला वाटलं झोपतो थंडीत.

गुरांची_डॉक्टर
झोपत नाही, गारठतो. स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही तो. गोधडीत ऊब कुठली? गोधडी माणसाची ऊब धरून ठेवते. रात्री पिंजरा आत घ्या, उष्णतेचा दिवा लावा, एका कोपऱ्यातच, म्हणजे नको असेल तेव्हा दूर जाता येईल.

चिकोडीचा_इमूवाला
मोटारसायकलवरचा पोरगा वाचला आणि हात शिवशिवला म्हणून लिहितोय. एरवी फक्त वाचतो.

माझ्या आयडीवरून कळलं असेल. २०१० च्या आसपास आमच्याकडं इमूची लाट होती. ऑस्ट्रेलियाचा पक्षी, मांस खपतं, तेल खपतं, पिसं खपतात, कातडं खपतं. फुकट जात नाही काही. कंपनीचा माणूस टाय लावून यायचा. जोडी तुम्ही घ्या, अंडं आम्ही घेतो, पिल्लू आम्ही घेतो, करार करून. बापानं उसाचं बिल आलेलं सगळं घातलं, वर सोसायटीचं कर्ज. सहा जोड्या.

पक्षी वाईट नव्हता हो. मादी रात्री छातीतून ढोल वाजवल्यागत आवाज काढायची, घुम्म घुम्म, गावातली पोरं ऐकायला यायची. थंडीत अंडी घालायची, गडद हिरवी, जवळजवळ काळी, हातात घेतलं की दगडी वरवंट्यासारखं वजन. पहिली दोन खेपा अंडी नेली, पैसे दिले. त्या पैशात आणखी चार जोड्या घेतल्या, त्यांच्याकडूनच. मग एकदा गाडी आली नाही. फोन लागला नाही. ऑफिस होतं तिथं झेरॉक्सचं दुकान.

तेव्हा उलगडलं. मांस कुणी खात नव्हतं, तेल कुणी लावत नव्हतं. आमची अंडी उबवून पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला जोडी म्हणून विकत होते. गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखाच पुढचा माणूस. तो संपला की धंदा संपला. तमिळनाडूत पेरुंदुराईचं मोठं प्रकरण २०१२ ला फुटलं ते पेपरात आलं, आमचं कुठंच आलं नाही. नंतर २०१९ ला इस्लामपूरकडं कडकनाथ कोंबडीचं झालं, तेव्हा मी पाव्हण्यांना पाया पडून सांगितलं होतं. ऐकलं नाहीत.

आणि वीस पक्षी उरले. चाळीस-चाळीस किलोचे. मका कुठनं घालायचा? मारवत नव्हतं, आई माळकरी. विकायला गेलो तर कोण घेतंय. आजूबाजूच्या काहींनी रात्री कुंपण उघडून दिलं. संकेश्वर रस्त्याला पहाटे ट्रकवाल्यांना दिसायचे, दिव्याच्या उजेडात उभे. आमचे आम्ही सांभाळले. एकेक करत मेले. शेवटचा २०१९ च्या पुरात गेला.

तुमचा पोरगा म्हणतो पिल्लू मीच उचलतो. त्याला एकच विचारा: तू कुणाला विकणार? "पाळणाऱ्याला" म्हणाला तर ठीक. "जोडी लावणाऱ्याला" म्हणाला तर मोटारसायकलचा नंबर लिहून ठेवा.

वडगावकर
दादा, वाचून गप्पच बसलो. जोडी लावत नाही. ठरलं.

पोपटवाला_अनगोळ
इमूवाले दादा, तुमचं वाईट वाटलं. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. मी करार करत नाही, पिल्लू विकतो ते पाळणाऱ्याला विकतो.

रानवाट_खानापूर
पोपटवाले, रागावू नका, सरळ विचारतो. समजा तुम्ही विकलेला पक्षी दोन वर्षांनी कुणी परत आणला, "आता नको झाला". घेता?

पोपटवाला_अनगोळ
जागा असली तर घेतो.

रानवाट_खानापूर
आणि नसली तर?

पोपटवाला_अनगोळ
…दुकानदाराकडं पाठवतो.

निपाणीकर_तंबाखूवाले
आता मूळ मुद्द्यावर येऊया का. नांदणीच्या जैन मठातल्या हत्तिणीचं कुणी का बोलत नाही? माधुरी आमच्या भागातल्या सगळ्या जैन गावांची होती. बोरगाव, मांगूर, बेडकीहाळ, सदलगा, कुठंही पंचकल्याणक असलं की ती यायची. २८ जुलै २०२५ ला तिला अंबानींच्या वनताराला नेली, आमच्या घरी त्या रात्री चूल पेटली नाही. लोकांनी सिमकार्डं बदलली रागानं. गरिबाच्या मठात हत्ती ठेवला की क्रूरता, आणि श्रीमंताच्या जामनगरात जगभरचे प्राणी आणून ठेवले की सेवा? हा कुठला न्याय?

गुरांची_डॉक्टर
दादा, तुमच्या भावना समजतात, माझं माहेरही तिकडचंच. पण उच्चाधिकार समितीसमोर तिच्या पायांचा, सांध्यांचा जो अहवाल होता तो वाचा. सिमेंटवर उभ्या हत्तीचे तळवे सडतात. प्रेम होतंच. प्रेमानं तळवे बरे होत नाहीत.

निपाणीकर_तंबाखूवाले
तळवे इथंच बरे करता आले नसते? डॉक्टर इकडं आणायचा, हत्ती तिकडं न्यायचा कशाला?

वकीलकाका_टिळकवाडी
नोंदीसाठी: उच्च न्यायालयाचा आदेश १६ जुलैचा, सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलैला तो कायम ठेवला. पुढे वनताराच्या चौकशीसाठी न्या. चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमलं, त्याला नियमभंग आढळला नाही. निपाणीकरांचा प्रश्न मात्र कायद्याचा नाही. तो विश्वासाचा आहे आणि त्याचं उत्तर निकालात नसतं.

सीमावासी_१
हत्ती महाराष्ट्रातला, भक्त कर्नाटकातले, गेली गुजरातला. १९५६ पासून आपलं असंच चाललंय.

संपादक
इथे सीमाप्रश्न नको. त्याचा धागा वर चिकटवलेला आहे, २१४ पानांचा. हत्तिणीसाठी वेगळा धागा काढा.

शाळामास्तर_निवृत्त
संपादक महाशय, हत्ती नको तर चित्ते चालतील का?

आमच्या वडिलांनी कोल्हापूरला लहानपणी पाहिलेले चित्ते ते सांगायचे. संस्थानाचे चित्ते, डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की टोपी काढायची. सांभाळणारे ते चित्तेवान. ते चित्ते आफ्रिकेतून आणलेले होते बरं का. देशातले संपत आलेले म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून संस्थानं बाहेरून आणत. म्हणजे परदेशी प्राणी पाळणं आपल्या भागाला नवीन नाही.

पण मला जे सांगायचं ते पुढेच. देशातले संपले का? शिकारीनं, माळरानं गेल्यानं, हे खरं. शिवाय शेकडो वर्षं मोठमोठे चित्तेखाने भरायला जंगलातून पकडत राहिले. अकबराकडे हजार चित्ते होते असं जहांगीर लिहितो. आणि एवढ्या चित्त्यांत पिंजऱ्यात वीण झाल्याची नोंद एकच, तीन पिल्लांची. त्यानंतर जगात कुठे बंदिस्त चित्तिणीला पिल्लं झाली ती थेट १९५६ साली, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे प्रत्येक पाळीव चित्ता हा जंगलातून एक वजा होता. १९५२ ला सरकारनं जाहीर केलं, भारतात चित्ता उरला नाही.

पोपटवाले म्हणतात ब्रीडर असला की जंगल वाचतं. ज्याची वीण पिंजऱ्यात सहज होते त्याच्या बाबतीत असेलही. नाही होत त्याच्या बाबतीत "पिंजऱ्यात जन्मलेला" ही नुसती चिठ्ठी असते.

ऑस्टिनचा_शहापूरकर
गुरुजी, सुंदर! इकडची थोडी भर घालतो, दोन्ही बाजूंची.

टेक्सासमध्ये आपली काळविटं खासगी कुरणांवर मोठ्या संख्येनं आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडायलाच आलं, राणेबेन्नूरच्या माळावर आल्यासारखं वाटलं. मग पाटी वाचली. शिकारीचे दर होते. पण हेही खरं की पाकिस्तानातून काळवीट संपल्यावर १९७० च्या दशकात तिथल्या लाल सुहांरा राष्ट्रीय उद्यानात परत सोडली ती टेक्सासच्या कळपातली. आफ्रिकेतला वाकड्या तलवारीसारख्या शिंगांचा ओरिक्स जंगलातून नाहीसा झालेला, बंदिस्त कळपांमुळे जगला आणि २०१६ पासून चाडमध्ये पुन्हा सोडला. तेव्हा खासगी पैदास म्हणजे सगळं पापच असं नाही.

दुसरी बाजू. २०११ ला ओहायोत एका माणसानं आपल्या खासगी प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि स्वतःला गोळी घातली. रात्रभर पोलीस गोळ्या झाडत होते. मेलेल्यांत १८ वाघ होते. इतके वाघ एका माणसाच्या परसात! मोठी मार्जारं पाळण्यावर देशभराचा कायदा इथे व्हायला मग २०२२ चा डिसेंबर उजाडला.

रानवाट_खानापूर
ओरिक्सचं मान्य. पण तिथे वंशावळ ठेवतात, कुणाची जोडी कुणाशी लावायची याचा विचार असतो, शेवटी सोडायचं ठरलेलं असतं. आपल्याकडे जोडी रंगासाठी लागते. बॉल पायथन या अजगराची "स्पायडर" म्हणून एक रंगजात आहे. रंगासाठी जे निवडलं त्याच्याबरोबर तोल सांभाळण्याचा दोषही येतो, डोकं सारखं डुलतं, उलटं होतं. लोक व्हिडिओ टाकतात, "नाचतोय". तो कुठल्या जंगलात सोडणार आहात?

आणि माल येतो कुठून ते बघा. जानेवारी २०२३ मध्ये बेंगळुरू विमानतळावर बँकॉकहून आलेल्यांकडे प्राणी सापडले, माग काढत फार्महाऊसवर गेले तर १३९ प्राणी, ४८ जातींचे. ट्रॉली बॅगेत कोंबून आणतात. जगतो तो दुकानात येतो. तुमच्या भाच्याच्या पावतीवरचा "१ नग" त्यातलाच असेल असं मी म्हणत नाही. पण नाही असं कोण म्हणू शकेल?

पोपटवाला_अनगोळ
सगळं खापर आमच्यावरच. सरकारी ठिकाणी काय दिवे लावतात? आपल्या भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर २०२५ ला ३१ काळविटं आठवड्याभरात गेली. मी एवढे पक्षी घालवले असते तर तुम्ही माझ्या दारात मोर्चा आणला असता.

गुरांची_डॉक्टर
हे बोलणं झोंबलं, पण बरोबर आहे. घटसर्प होता, गुरांना होतो तोच. म्हशींना आपण पावसाळ्याआधी त्याचीच लस टोचतो. एका कुंपणात दाटीनं कळप ठेवला की एक आजारी पडला तर दुसऱ्या दिवशी मोजायची वेळ येते. म्हणून तर म्हणते, जिथे डॉक्टर, कर्मचारी, सगळं असून असं होतं, तिथे दहा बाय दहाच्या खोलीत चाळीस जोड्या ठेवणाऱ्यानं रात्री झोपू नये. पोपटवाले दादा, नवीन पक्षी आणला की किती दिवस वेगळा ठेवता?

पोपटवाला_अनगोळ
आठवडा.

गुरांची_डॉक्टर
महिना ठेवा. आणि पक्षी फुगून बसला, डोळ्यातून पाणी, हिरवी विष्ठा, आणि त्याच वेळी घरात कुणाला ताप-खोकला, असं झालं तर डॉक्टरांना "घरात पोपटवर्गीय पक्षी आहेत" हे आधी सांगा. त्या तापाचं औषध वेगळं असतं.

वकीलकाका_टिळकवाडी
पोपटवाले, तुमच्याकडे लव्हबर्ड आहेत म्हणालात. कुठले? पीचफेस साइट्सच्या यादीत नाही, बजरी आणि कॉकाटीलही नाहीत. पण डोळ्याभोवती पांढरी कडी असलेला फिशर यादीत आहे. त्याची नोंद लागते. आणि आफ्रिकन ग्रे ठेवत असाल तर तो पहिल्या परिशिष्टात, पैदाशीला परवानाच लागतो.

पोपटवाला_अनगोळ
ग्रे नाही. लव्हबर्ड बघून सांगतो.

खानापुरी_गा
मासे पण धरा की गा यात. आमच्या मलप्रभेत जाळ्यात ते चिलखतवालं मासं येऊलंय, अंगावर खडबडीत, तोंड खाली. काचेच्या टाकीत शेवाळ खातंय म्हणून आणायचं, मोठं झालं की गणपतीबरोबर नदीत. जाळं फाटतंय, खायला उपयोग नाही. कासवं पण तशीच, कानाजवळ लाल पट्टा असलेली, लहानपणी रुपयाएवढी. वाढली की देवळाच्या तळ्यात. पुण्य मिळतंय म्हणे.

रानवाट_खानापूर
हे मात्र धाग्याच्या शीर्षकात असायला हवं होतं.

नवीन_सभासद_७७
इग्वाना देणे आहे का. किंमत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मांडूळ असेल तरी सांगा.

संपादक
वरील सभासदाचं खातं बंद केलं आहे. इथे खरेदी-विक्री चालत नाही, मांडुळाची तर नाहीच.

वडगावकर
तीन आठवड्यांनी परत आलो, सगळ्यांचे आभार. हकिकत सांगतो.

भाचा शनिवारी आला. वकीलकाकांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं, पोच घेतली. चार दिवसांनी फॉरेस्टचे दोघे घरी आले. एकजण गच्चीच्या दारातच थांबला आणि विचारलं, "कडितैतेन्री?" म्हणजे चावतं का? आई म्हणाली, "इल्लप्पा, पाप (नाही रे बाबा, बिचारा), जास्वंद खातो." मग त्यानं लांबून फोटो काढले, टेपनं पिंजरा मोजला, राकेशला मोजायला नको म्हणाला. पंचनामा केला. ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही, वरून काय ते कळेपर्यंत हलवायचा नाही, विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, तसं लिहून घेतलं. चहा प्यायले. जाताना दुसऱ्यानं हळूच विचारलं, घरी पोराला लव्हबर्ड घेतलेत, त्याचं पण लागतं का?

मोटारसायकलवाला पुन्हा आला होता. इमूवाले दादांचा प्रश्न विचारला. "तुमच्यासारखेच असतात की, जोड्या लावणारे." मी खिशातून पेन काढलं, तोवर किक मारली होती.

फायबर काढलं, जाळी घातली. रात्री आत घेतो. आईला आता हिशेब पडलाय की हा पंधरा वर्षं जगू शकतो. ती ७१ ची आहे. परवा भाच्याला फोनवर म्हणाली, बेंगळुरूत मोठं घर बघ रे.

पोपटवाला_अनगोळ
लव्हबर्ड बघितले. बारा जोड्यांत सहा फिशर. वकीलकाका, व्यनि केलाय.

चिकोडीचा_इमूवाला
पेन काढलं ते लई बरं केलं 😀

वडगावकर
मॅडम, एक राहिलं. पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने ऊन नाही. बल्ब लागेल ना? खडेबाजारात विचारलं तर दुकानदारानं निळा बल्ब दिला, म्हणाला हाच तो.

गुरांची_डॉक्टर
निळा नको, तो नुसता रंग आहे. डब्यावर यूव्हीबी, म्हणजे तोच अतिनील भाग, लिहिलेलं बघून घ्या, इथे नाही मिळाला तर कोल्हापूर-पुण्याहून मागवा. पिंजऱ्याच्या आत लावा, मध्ये काच नको, तो बसतो त्या फांदीपासून किती अंतर ते डब्यावर असतं. आणि घेतल्याची तारीख बल्बवर लिहून ठेवा. सहा महिने ते वर्षभरानं बदलायचा. उजेड तेव्हाही तेवढाच दिसेल, पण आतलं संपलेलं असतं.